प्रश्नोत्तराचा तास बंद करा म्हणे! वाईकरांना माझं उत्तर

माणगंगाकाठ (आटपाडी)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर वाईकरांनी लिहिलं होतं, "प्रश्नोत्तराचा तास ही निव्वळ औपचारिकता आहे. मंत्री 'हे खरे नाही' म्हणतो आणि आमदार खाली बसतो. तो तास बंद करा. आमदाराने मुंबईत प्रश्न विचारत बसण्यापेक्षा मतदारसंघात राहावं, निधी आणावा." खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली होती. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

एका उपसा योजनेच्या पोटकालव्यात आमचं ३२ गुंठे रान गेलं. मोबदल्यासाठी वडील अकरा वर्षं हेलपाटे घालत होते. कार्यालयाचं नाव घेत नाही. पहाटेची एसटी, दुपारपर्यंत बाकड्यावर, साहेब फिरतीवर, फाईल "वर गेलीय". गावातले १९ खातेदार असेच लटकलेले. आमच्या आमदाराला चार निवेदनं दिली. चारही वेळा त्यांनी ती हसतमुखाने घेऊन पीएच्या हातात दिली. मग शेजारच्या जिल्ह्यातल्या एका आमदाराने, ज्याला आमचं एक मत नव्हतं, विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) टाकला. उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे." पुढं लिहिलं होतं की निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) झालाय, रक्कम वाटपाची कार्यवाही सुरू आहे. अकरा वर्षं आम्हाला निवाडा झालाय हेच कुणी सांगितलं नव्हतं! त्या उत्तराची झेरॉक्स घेऊन वडील गेले, तेव्हा पहिल्यांदा त्यांना खुर्ची मिळाली. पाच महिन्यांत पैसे जमा झाले. ती झेरॉक्स आजही सातबाऱ्याच्या पिशवीत आहे, घडीवर फाटलीय म्हणून मागून चिकटपट्टी लावलीय.

वाईकर, हा तास बंद करा म्हणताना माझ्या वडिलांसारख्यांनी कुठं जायचं तेही सांगा.

वाईकर

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण एका अनुभवावरून नियम होत नाही. माझाही अनुभव ऐका. आमच्या गावाच्या ओढ्यावरच्या पुलासाठी तीन अधिवेशनांत तीन प्रश्न झाले. पहिलं उत्तर "अंदाजपत्रक तयार करण्यात येत आहे", दुसरं "निविदा प्रक्रिया प्रगतिपथावर", तिसरं "प्रश्न उद्भवत नाही". पूल झाला तो गावाने भर पावसात साडेतीन तास रस्ता अडवल्यावर. तुमचा प्रश्न वाचला आणि मंत्री हलला असं नव्हतं, माणसं रस्त्यावर बसली म्हणून हलला.

आमदाराला वर्षाला ५ कोटी स्थानिक विकास निधी आहे. तो कुठं गेला हे विचारा. माहिती हवी तर माहिती अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग सभागृहातला तास कशाला?

बत्तीसशिराळा

वाईकरांशी सहमत. यादी भलीमोठी असते, तासाभरात पुकारले जातात पाच-सहा प्रश्न. बाकीच्यांची छापील उत्तरं कोण वाचतं? लोकसभेत तरी काय वेगळं आहे? दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात, तोंडी उत्तर मोजक्यांना.

कागदवाला (कराड)

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत कागद केला. खातं सांगत नाही. ही उत्तरं खाली कशी तयार होतात ते मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

एलएक्यू, म्हणजे विधानसभेचा प्रश्न, आला की कार्यालयाचा नूर पालटतो. पूर्वी फॅक्स यायचा, नंतर ईमेल. वर ठळक अक्षरांत 'विधानसभा तारांकित प्रश्न, तात्काळ'. रजेवरचा माणूस परत बोलावतात. प्रश्न ठरलेल्या साच्यातला असतो: अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. तालुक्याहून जिल्हा, तिथून मंत्रालय, असा कागद चढतो आणि प्रत्येक टेबलावर आधी 'हे खरे नाही' असं लिहिता येतंय का तेच बघतात. मीही बघितलंय. 'माहिती संकलित करण्यात येत आहे' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं त्याची गणती नाही, आणि त्याची मला आज लाज वाटते.

पण वाईकर, तुम्हाला छापलेली एक ओळ दिसते. त्या ओळीच्या मागे मंत्र्यांसाठी पूरक टिपणी जाते. कोणता उपप्रश्न येईल आणि त्याचं उत्तर काय, हे तिच्यात असतं. तिच्यात खोटं लिहायची कुणाची छाती होत नाही, कारण मंत्री सभागृहात तोंडघशी पडला तर खाली एकाचं तरी निलंबन ठरलेलं. कित्येक वर्षं दाबलेली गोष्ट साहेबांनी पहिल्यांदा खरी लिहिलेली मी अशाच टिपणीत पाहिली. माणगंगाकाठांच्या वडिलांच्या फाईलचं तेच झालं असणार.

माहिती अधिकाराचं म्हणाल तर त्यात कागद मिळतो. "मग पुढे काय केलंत?" हे त्या कागदाला विचारता येत नाही. मंत्र्याला उभं करून विचारता येतं.

पाटणची लेक

काका, तुमचं लिहिणं प्रामाणिक आहे म्हणून राग गिळून लिहिते. आमचं घर कोयनेच्या पाण्याखाली आहे. १९६७ च्या भूकंपाच्याही आधीची गोष्ट. आजोबांना पर्यायी जमीन मिळाली ती दुसऱ्याच्या वहिवाटीतली. आजोबा गेले, वडील सत्तरी ओलांडून बसलेत, मी चाळिशीत आहे. तीन पिढ्यांत किती आमदारांनी किती प्रश्न विचारले असतील? २०१८ ला कोयनानगरला धरणग्रस्त ठिय्या मारून बसले होते, त्यांत वडीलही होते. माझ्यासाठी 'कार्यवाही सुरू आहे' हे जगातलं सगळ्यात क्रूर वाक्य आहे. तुम्ही ते लिहीत होतात, आम्ही ते वाचत होतो.

कागदवाला (कराड)

ताई, यावर मला बोलायला तोंड नाही.

गावभाग सांगली

प्रश्नांचं एवढं कौतुक चाललंय तर मला एक सांगा. २०१९ चा पूर. आयर्विन पुलाला कृष्णेची ४५ फूट ही धोक्याची पातळी, पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही आईला माळ्यावर बसवलं होतं. लाइट गेलेली. मी बॅटरी धरून दर तासाला पाण्याजवळच्या पायरीवर खडूने खूण करत होतो, आणि दर तासाला आधीची खूण पाण्यात गेलेली असायची. नवव्या पायरीवर थांबलं. त्या रात्री कुठल्या धरणातून किती वाजता किती पाणी सोडलं, हे आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. खाली कर्नाटकात कृष्णेवर अलमट्टी धरण आहे, त्या अलमट्टीवाल्यांनी वेळेत दारं उघडली असती तर ही वेळ आली नसती. आणि कर्नाटकाला ते धरण ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर न्यायचंय! आमचे आमदार काय करतायत?

मिरज जंक्शन

पुन्हा अलमट्टी! भाऊ, पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल २०२० सालीच आलाय. २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या आठवड्यात खोऱ्यात पाऊसच तसा झाला, धरणं एकदम भरली, आणि आपण निळ्या पूररेषेच्या आत घरं बांधून बसलोय. पाण्याचे सखल ओत बुजवले, नाले बुजवले. आरशात बघायचं सोडून कर्नाटकाकडं बोट दाखवायचं.

गावभाग सांगली

आमचा वाडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा निळी रेषा कुणी काढली नव्हती. पात्रात प्लॉट पाडले त्यांना बोला. मिरजेत उंचावर बसून आरसा दाखवू नका.

मिरज जंक्शन

माझी बहीण सांगलवाडीत आहे. तिला बोटीतून काढताना मी होतो. उंचावर बसून बोलत नाही.

बत्तीसशिराळा

समिती सरकारची, अहवाल सरकारचा. वारणाकाठी आमचा ऊस बारा-बारा दिवस पाण्यात होता. फुगवटा डोळ्यांनी बघितलाय. पुढं पाणी सरकत नव्हतं.

मिरज जंक्शन

पाणी सरकत नव्हतं हे मीही बघितलं. ते कशामुळं, हे डोळ्यांना दिसत नाही, मोजावं लागतं. बाकी उंची वाढवायला माझाही विरोधच आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या २०१० च्या निवाड्यात ५२४.२५६ आहे म्हणून वरच्यांनी बुडावं असं मी म्हणत नाही. २०१९ चं खापर पुराव्याशिवाय फोडू नका, एवढंच.

पाटणची लेक

धरणाच्या पाण्यावर भांडताय, ज्यांची गावं धरणात गेली त्यांच्याबद्दल मात्र एक ओळ नाही.

माणगंगाकाठ (आटपाडी)

ताई, रास्त आहे. गावभाग, तुम्हालाही सांगतो. किती वाजता किती विसर्ग, कोयना, वारणा आणि अलमट्टी तिन्हींचा तासावारी तक्ता, हाच तर सभागृहात विचारायचा प्रश्न. तो विचारला का गेला नाही? आता तारखा बघा. २०१९ चं पावसाळी अधिवेशन २ जुलैला संपलं. पूर ऑगस्टमध्ये आला. ऑक्टोबरमध्ये निवडणूक. पुढचं नियमित अधिवेशन थेट डिसेंबरात नागपूरला, तेही आठवड्याभराचं. २०२१ ला ५ आणि ६ जुलै असं दोन दिवसांचं अधिवेशन उरकलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा पूर. पुढची बैठक पुन्हा डिसेंबरात. दोन्ही वेळा आपण पाण्यात होतो आणि मंत्र्याला जाब विचारायला सभागृह भरलेलंच नव्हतं. वाईकर, तुम्हाला तास बंद करायचाय. माझं म्हणणं, तो तास आहेच कुठे?

वाईकर

हे तारखांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते मान्य. पण मूळ मुद्दा सोडत नाही. दिवस वाढवले तरी विचारणार कोण? २०२४ नंतर विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही, तेवढं संख्याबळच कुणाकडे नाही. सत्ताधारी आमदार स्वतःच्या मंत्र्याला अडचणीत आणत नाही. मंत्री म्हणतो "बैठक लावू", आमदार समाधान व्यक्त करतो, संपलं. आणि २००५ विसरलात का? प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून ११ खासदारांची खासदारकी गेली. प्रश्नांचाही बाजार झालेला आपण पाहिलाय.

विट्याचा मास्तर

वाईकर, सत्ताधारी विचारत नाही म्हणता? १९५७ घ्या. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले, त्यावर लोकसभेत प्रश्न आला. पुढे तो लावून धरला फिरोज गांधींनी. ते काँग्रेसचे, सरकार काँग्रेसचं, पंतप्रधान त्यांचे सासरे. छागला आयोग नेमावा लागला आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

लांब कशाला जायचं? सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले. बहुतेक काळ विरोधी बाकावर. एसटीने हिंडणारा माणूस. 'निधी आणा' हाच निकष असता तर लोकांनी त्यांना इतक्या वेळा निवडलं असतं का? आपल्याला आमदार लग्नाला, जागरणाला, दहाव्याला हवा असतो. अधिवेशन चालू असताना तो दहाव्याला आला तर आपण कौतुक करतो. मी शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि माझ्याच भावाच्या दहाव्याला अधिवेशन सोडून आलेल्या आमदाराला मीच पुढच्या सतरंजीवर बसवलं. त्या दिवशी मला ते चुकीचं वाटलं नाही. आज वाटतं.

वाईकर

सर, १९५७ ची माणसं आज आणायची कुठून? दहाव्याचं मात्र लागलं. आमच्याकडेही तेच. ठीक आहे, 'बंद करा' हा शब्द मागे घेतो. अर्धवट चाललेली गोष्ट चांगली आहे असं मात्र म्हणणार नाही. आमच्या आमदाराने गेल्या वर्षात काय विचारलं ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावरच्या याद्यांतून काढून इथं टाकतो. शून्य निघालं तर त्याचा जाब कुणाला विचारायचा तेही सांगा.

माणगंगाकाठ (आटपाडी)

काढा. मीही आमच्याचं काढतो. चार निवेदनं घेणाऱ्याने किती विचारलं ते मलाही बघायचंय.

गावभाग सांगली

तासावारी तक्त्याचा प्रश्न मी लिहून देतो. मिरज जंक्शन, आकडे निघाले आणि तुमचं खरं ठरलं तर मी गप्प बसेन. तोवर नाही.

मिरज जंक्शन

माझं खोटं ठरलं तर मीही. तक्त्यात कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचाही विसर्ग मागा, नाहीतर पुन्हा अर्धंच उत्तर येईल.

पाटणची लेक

कागदवाले काका, मघाशी रागात लिहिलं. लिहिलेलं खरं आहे, मागे घेत नाही. पण एक विचारते. आमच्या जमिनीचा प्रश्न एखाद्या आमदाराकडे द्यायचा तर तो कसा लिहू, म्हणजे 'कार्यवाही सुरू आहे' म्हणून सुटता येणार नाही?

कागदवाला (कराड)

ताई, 'कार्यवाही केली काय' असं विचारूच नका. त्याचं उत्तर तयार असतं. असं लिहा:

(१) अमुक गावातील धरणग्रस्त खातेदारांना वाटप केलेल्या अमुक गट क्रमांकांचा प्रत्यक्ष ताबा अद्याप मिळालेला नाही, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, वाटपाच्या वेळी उक्त जमीन कोणाच्या वहिवाटीत होती व मोजणी कोणत्या दिनांकास झाली;
(३) असल्यास, ताबा देण्याची जबाबदारी कोणत्या पदाच्या अधिकाऱ्यावर आहे व तो कोणत्या दिनांकापर्यंत देण्यात येईल;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

दिनांक आणि पद, हे दोन शब्द प्रश्नात आलेच पाहिजेत. त्यावर गोल उत्तर लिहिणं खालच्या माणसाला जड जातं, हे मी त्या खुर्चीवर बसून शिकलोय. एका आमदाराकडे देऊन थांबू नका, तिघांकडे द्या, वेगवेगळ्या पक्षांच्या. अधिवेशनाची तारीख पडायची वाट बघू नका, सूचना बऱ्याच आधी द्याव्या लागतात. वाटपाचा आदेश, सातबारा आणि आजोबांच्या अर्जांच्या पोच जोडा, पण सगळ्या झेरॉक्सच. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी माझ्यासारख्या माणसाच्यासुद्धा.