वळवाच्या विजेतलं नॉक्स: माझं उत्तर २००० मोल कसं काय येतंय?

मंगळवेढेकर:
एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट सोलापुरात चालू आहे. विषय डोक्यात आला तो आमच्या अण्णांमुळं. मे महिन्यात वळीव आला की गच्चीवरच्या कुरडया गोळा करता करता ते म्हणणार, "कडाडू दे, फुकटचा युरिया पडतोय." म्हटलं, मोजूनच बघू. विजेच्या वाटेत हवा ३०,००० केल्विनपर्यंत तापते, नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू फुटतात, हवा झटक्यात थंड होते आणि नायट्रिक ऑक्साइड तसाच उरतो (हा आणि नायट्रोजन डायऑक्साइड मिळून नॉक्स), इथपर्यंत पाठ आहे.

मी केलं ते असं. सोलापूर मध्ये धरून १०० बाय १०० किलोमीटरचा चौकोन घेतला. एका वळवाच्या दिवशीच्या ट्रोपोमीच्या (हवेतले वायू मोजणारं उपग्रहावरचं उपकरण) डेटात नायट्रोजन डायऑक्साइड सरासरी चौरस मीटरला ०.००००३ मोल (रेणू मोजायचं एकक), म्हणजे सगळा मिळून ३ लाख मोल. संध्याकाळी साडेपाच ते सात दामिनी अ‍ॅपचे (वीज कुठं पडली ते ठिपक्यांनी दाखवतं) स्क्रीनशॉट काढत बसले. मधे लाईट गेली, रेंज गेली, तेवढी दहा मिनिटं हुकली. ४० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ठिपके भरले १५०. भागाकार: एका विजेला २००० मोल. शोधनिबंधांत २५० मोलच्या आसपास दिसतं. सर म्हणाले, युनिट तपास. तीनदा तपासलं.

जुळेसोलापूर_७५:
युनिट बरोबर आहे, घड्याळ चुकलंय. ट्रोपोमी ज्यावर आहे तो उपग्रह, सेंटिनेल-५पी, दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो. तुमची वीज साडेपाचला. ते ३ लाख मोल हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांचे, गावातल्या रिक्षांचे आणि औष्णिक केंद्राच्या चिमणीचे. बिचाऱ्या विजेच्या नावावर उगीच बिल फाडलंत.
शिवाय ठिपके वर्तुळातले आणि वायू चौकोनातला. चौकोन जवळजवळ दुप्पट आहे.

ढगवाला:
वरचं पटलं. पण एक सांगा, डेटाच्या क्वालिटीची चाळणी (प्रत्येक पिक्सेलला ० ते १ गुण असतात) ०.७५ ला ठेवली होती का? ती ढगाळ पिक्सेल फेकून देते, आणि विजेचा माल तर ढगातच असतो. या कामात मुद्दाम ढगाळ पिक्सेल घेतात. चकचकीत पांढरा ढग खालच्या शहराचा धूर झाकतो, वर साचलेलं तेवढं दिसतं. त्यातून स्ट्रॅटोस्फिअरचा (ढगांच्याही वरच्या थराचा) वाटा वजा करायचा, आणि वीज नसतानाही त्या उंचीवर जेवढा असतो तोही.

दुसरी मेख अशी की उपग्रहाला डायऑक्साइड दिसतो, नायट्रिक ऑक्साइड दिसतच नाही. दहा किलोमीटरवर कडाक्याची थंडी आणि लख्ख ऊन, त्यामुळं बराचसा माल नायट्रिक ऑक्साइडच्याच रूपात असतो. हे प्रमाण मॉडेलमधून घ्यावं लागतं. म्हणून तर आकडे जुळत नाहीत. ओएमआय (ट्रोपोमीच्या आधीचं तसंच उपकरण) वापरून पिकरिंग यांच्या गटाला मेक्सिकोच्या आखातावर ८० मोल मिळाले, ब्युसेला यांच्या गटाला मध्य अक्षांशांत १८०. दोन्हींत अनिश्चितता निम्म्याहून जास्त.

२५० वरून जगाचा हिशेब बघा: सेकंदाला ४४ विजा, वर्षभर, गुणिले २५० मोल, गुणिले नायट्रोजनचे १४ ग्रॅम. ५० लाख टनांच्या जवळ जातं.

माजी_कृषी_सहायक:
अण्णांच्या युरियाचं मी सांगतो. हे ५० लाख टन पृथ्वीभर सारखे वाटले तर हेक्टरी वर्षाला साधारण १०० ग्रॅम नत्र. ४५ किलोच्या एका गोणीत २० किलोच्या वर असतं. आपल्याकडं दहापट पडतं असं धरलं तरी किलोभर. वळवानंतर रान हिरवंगार दिसतं ते मुख्यतः पाण्यानं.

मंगळवेढेकर:
०.७५ च लावली होती. म्हणजे ढगाचे पिक्सेल मीच हाकलून दिले आणि उरलेल्या उघड्या आकाशातला धूर मोजत बसले.
आता साडेपाचचा वळीव सोडून दिलाय. सकाळी अकरा-बारालाच गडगडाट झालेले दिवस शोधतेय, चार सापडलेत, त्यातला एक अक्कलकोटच्या बाजूला. सरांना सगळं सांगितलं. अण्णांना युरियाचं अजून सांगितलेलं नाही.