गरोदरपणातील शुगर टेस्ट: दोन तपासण्या, दोन निष्कर्ष. कोणता ग्राह्य धरावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला 26वा आठवडा चालू आहे. ती सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. तिथल्या आरोग्य केंद्रात तिला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिले आणि दोन तासांनी बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर शुगर पाहिली. ती 148 आली. मर्यादा 140 असल्यामुळे तिच्या कार्डावर गरोदरपणातील मधुमेहाची नोंद झाली. पुढच्याच आठवड्यात एका खासगी लॅबमध्ये उपाशीपोटी पूर्ण तपासणी केली, तेव्हा उपाशीपोटी 86, एका तासाने 168 आणि दोन तासांनी 137 असे आकडे आले. तेथील मर्यादा अनुक्रमे 92, 180 आणि 153 आहेत, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल. केंद्रातील डॉक्टर पथ्य सुरू करा म्हणतात, तर स्त्रीरोगतज्ज्ञ मधुमेह नाहीच म्हणतात.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तपासणीसाठी उपाशी असण्याची अट नाही. लांबून आलेली गरोदर बाई उपाशी नाही म्हणून परत पाठवली तर ती पुन्हा येईलच असे नाही, त्यामुळे ही सोय मला मोलाची वाटते. प्रश्न आकडा काठावर आल्यावरचा आहे. ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात 100 च्या वरच्या आकड्यांना 15 टक्क्यांपर्यंतची चूक चालते, शिवाय ग्लुकोज प्यायल्यानंतर बोटातल्या रक्तातील शुगर शिरेतल्यापेक्षा जास्त असते. मशीन प्लाझ्माच्या (रक्तपेशी काढून उरणाऱ्या द्रवाच्या) आकड्याशी जुळवलेले असले, तरी हा फरक पूर्ण मिटत नाही. तेव्हा 148 हा आकडा खऱ्यापेक्षा चढा असू शकतो.

पण लॅबचा आकडाही निर्धोक वाटत नाही. मी स्वतः बरोबर होते. करड्या झाकणाच्या तिन्ही नळ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये बर्फाशिवाय पडून होत्या आणि तिसरे रक्त घेतल्यावर त्या एकत्रच मोटारसायकलवरून शहरात गेल्या. नळीतल्या रक्तपेशी ग्लुकोज वापरत राहतात, त्यामुळे साध्या तापमानाला शुगर तासाला साधारण 5 ते 7 टक्के घटते. करड्या नळीतले फ्लोराइड ही घट थांबवते खरे, पण त्याचा परिणाम पूर्ण दिसायला पहिला तास-दोन तास जातात. म्हणजे 137 चे मूळ 145 च्या आसपासही असू शकेल, आणि मग केंद्राच्या मोजपट्टीने ती पुन्हा मधुमेही ठरते! एकीकडची चूक आकडा वर नेणारी, दुसरीकडची खाली आणणारी, अशी ही गुंतागुंत आहे.

त्यात शरीराचाही चढउतार असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील प्रौढांची तपासणी पुन्हा केली, तेव्हा एकाच व्यक्तीच्या दोन तासांनंतरच्या आकड्यात सुमारे 17 टक्के, तर उपाशीपोटीच्या आकड्यात सुमारे 6 टक्के फरक आढळला. ती पाहणी गरोदर स्त्रियांची नव्हती, तरीही दोन तासांचा आकडा मुळातच डळमळीत आहे हे त्यातून कळते. शिवाय 92, 180 आणि 153 या मर्यादा ज्या हापो (HAPO) अभ्यासावरून, म्हणजे गरोदरपणातील शुगरचा आई-बाळावर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासावरून, 2010 मध्ये सुचवल्या गेल्या, त्यात 9 देशांतील सुमारे 25 हजार स्त्रिया असल्या तरी भारतातील एकही केंद्र नव्हते. त्या अभ्यासात धोका शुगरबरोबर सलग चढत गेलेला दिसला, कोणत्याही एका आकड्यावर अचानक उडी नव्हती.

माझी खरी काळजी वेगळी आहे. नोंद झाल्यापासून बहिणीने भीतीने भात आणि भाकरी जवळजवळ सोडली आहे. तिचे हिमोग्लोबिन आधीच 9.8 आहे. (तपासणीआधीचे तीन दिवस पुरेसे पिष्टमय अन्न खाल्ले नाही, तर दोन तासांचा आकडा उलट वाढू शकतो, त्यामुळे लॅबचा आकडा कमी येण्याचे कारण हे नसावे.) रक्त कमी असल्यामुळे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करून घेण्यातही अर्थ दिसत नाही, कारण अशा वेळी आणि गरोदरपणात तो आकडा फसवा ठरतो.

जाणकारांनी कृपया सांगावे: जिथे रक्त लगेच सेंट्रिफ्यूज होते (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या जातात) अशा लॅबमध्ये पूर्ण तपासणी तिसऱ्यांदा करावी का? की तपासणीचा नाद सोडून, सरकारी सूचनांप्रमाणे दोन आठवडे आहार सांभाळून जेवणानंतर दोन तासांची शुगर 120 च्या आत राहते का तेवढेच पाहावे? आणि दुसरा मार्ग घ्यायचा असेल, तर पोट भरेल, बाळाचे वजनही वाढेल आणि शुगरही आवाक्यात राहील असा आहार तिला कोणाकडून आखून घ्यावा?