मदत हवी आहे: परड्यातल्या पंचवीसेक कोंबड्या आणि शेजाऱ्यांचा 'क्रूरता कायदा' (पाचगाव, कोल्हापूर)

पाचगावची सून
नमस्कार मंडळी. कोंबड्या सासूबाईंच्या, डोकेदुखी माझी. घरामागच्या परड्यात पंचवीसेक पक्षी आहेत, काही गावरान, काही गिरिराज. दिवसभर मोकळे, रात्री खुराड्यात. अंडी गल्लीतच खपतात आणि आखाडात कोंबडे हातोहात जातात. धंदा म्हणावा एवढं काही नाही, पण सासूबाईंचा वरखर्च त्यातून निघतो.

शेजारच्या अपार्टमेंटमध्ये नवीन मंडळी आलीत. त्यांचं म्हणणं, खुराडं लहान आहे आणि गिऱ्हाइकं कोंबडीचे पाय बांधून मोटारसायकलच्या हँडलला उलटी टांगून नेतात, ही क्रूरता आहे, आम्ही तक्रार करणार. पहाटेच्या आरवण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, पण माझा अंदाज, खरं दुखणं तेच. मोबाईलवर एक यादीही आलीय: पोल्ट्रीचा परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, वस्तीपासून अमुक अंतर. सासूबाई म्हणतात, "कोंबडीला कसला आलाय कायदा!"

खरंच हे सगळं आम्हाला लागू आहे का? पोलीस दारात येतील का? कुणाला माहिती असेल तर सांगा.

काळा कोट
ताई, तुमच्या शेजाऱ्यांनी दोन वेगळे कायदे एकाच पिशवीत कोंबलेत.

प्रदूषण मंडळाची संमती ५,००० पेक्षा जास्त पक्षी असणाऱ्या फार्मना लागते. अंतराचे नियमही प्रदूषण मंडळाच्या पोल्ट्रीसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतले. पंचवीस कोंबड्यांचा त्याच्याशी संबंध नाही, ती यादी बाजूला ठेवा.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मात्र आकडा बघत नाही. एक कोंबडी असो की पन्नास हजार, तो लागू आहेच. कलम ११ मध्ये लिहिलंय की ज्या पिंजऱ्यात प्राण्याला नीट हालचाल करता येत नाही त्यात कोंडणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, विनाकारण वेदना होतील असं वाहून नेणं, ही क्रूरता. म्हणजे हँडलला उलटी टांगलेली कोंबडी त्यात बसते, याबाबत शेजारी बरोबर आहेत.

पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय खुराड्याचा आणि वाहतुकीचा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. खाण्यासाठी कोंबडी मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही, अनावश्यक यातना दिल्या तरच. झुंजी लावणं मात्र गुन्हाच.

उगाच_विचारतो
पन्नास रुपये दंड! तांबड्या रश्श्याची एक वाटी तरी येते का हल्ली तेवढ्यात? 😀

काळा कोट
हसू नका, १९६० चे पन्नास रुपये आहेत, कुणी वाढवलेच नाहीत. गंमत अशी की अंड्यांसाठीच्या मोठ्या फार्मवर बॅटरी पिंजऱ्यात, म्हणजे ओळीने रचलेल्या तारेच्या पिंजऱ्यात, एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येत आलीय. ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. विधी आयोगाने २०१७ मध्ये याच विषयावर अहवाल दिला आणि हे पिंजरे बंद करा म्हणून सांगितलं. खरा वाद तिथला आहे, ताईंच्या सासूबाई त्यात उगाच सापडल्यात.

गडहिंग्लजचा दादा
कायद्याचं झालं, आता खुराड्याचं बगू. रात्रीला एका पक्ष्याला दीड-दोन चौरस फूट जागा पाहिजे. पंचवीस पक्षी म्हणजे पन्नासभर चौरस फूट. आत आडव्या काठ्या बांधा, कोंबडी जमिनीपेक्षा उंचावर बसून झोपते. वरच्या बाजूला जाळी, म्हणजे अमोनियाचा वास कोंडत नाही. भुश्शाची गादी कोरडी ठेवा, निम्मी तक्रार वासाचीच असते. कोंबडे किती आहेत? दहा कोंबड्यांमागं एक पुरतो, बाकीचे आखाडाची वाट न बघता काढा. आरवणं कमी झालं की शेजाऱ्यांचं प्राणीप्रेम पण जरा निवंल.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस दिलीय का? मानमोडी आली की आठवड्यात परडं रिकामं होतंय. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. आणि एकदम पक्षी मरायला लागले तर गुपचूप पुरू नका, कळवा. रोगाची खबर देणं २००९ च्या कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारतात, त्यात तुमच्या निरोगी पण जातात. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लूमुळं लाखो कोंबड्या मारल्या, ते आठवा.

पाचगावची सून
दोघांचे आभार. कोंबडे सात आहेत, त्यामुळे शेजाऱ्यांचं काय चुकलं म्हणायचं! पण पाय बांधण्याला पर्याय काय? गिऱ्हाईक पिशवी घेऊन येत नाही.

गडहिंग्लजचा दादा
भाजीवाल्याकडनं प्लास्टिकचं रिकामं क्रेट मागा, वर जाळी बांधा. दोन-तीन पक्षी आरामात बसतात. ऊन-पाऊस थेट लागू देऊ नका, वाहतुकीच्या नियमात पण तेच आहे. क्रेट परत आणला तर चार रुपये कमी करा, बगा कशी आणत्यात.

काळा कोट
एक राहिलं. पाचगावला ग्रामपंचायत आहे. तक्रार तिथे गेली तर उपद्रव म्हणून जाईल, क्रूरता म्हणून नाही. सरपंचांना आधीच बोलावून परडं दाखवा. उद्या हद्दवाढ होऊन महापालिका आली तर नियम बदलतील, तेव्हा आरोग्य विभागात लेखी विचारा.

पाचगावची सून
शेवटचा प्रश्न, सासूबाई मला लिहायला लावतायत. कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायलाच बसून राहिली, की सासूबाई नाकात पीस खुपसतात नाहीतर बादलीत बुडवतात. तेही कायद्यात येतं का?

काळा कोट
येतं. बंद करायला सांगा.

गडहिंग्लजचा दादा
आज्जींना सांगा, तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तिला जमिनीपासून उंचावर ठेवा, खाली गादी नको, दाणापाणी समोर. पोटाला वारा लागला की तीन-चार दिवसांत खुडूकपणा जातोय.