मंडळाच्या हॉलवर ब्लॅक सॅबथचा शेवटचा शो दाखवायचाय, पण ओझीचा आवाजच येईना

उद्यमबाग_फिटर

मंडळी, एक अडचण आहे आणि एक भांडण आहे, दोन्ही इथंच मिटवा.

आमच्या गल्लीतल्या मंडळाचा हॉल येत्या शनिवारी संध्याकाळी रिकामा आहे. प्रोजेक्टर मंडळाचाच, स्पीकर आणि मिक्सर गणपतीत वापरतो तेच, वर पत्रा. आम्ही सहा-सात जण कॉलेजपासून हेवी मेटल ऐकणारे, २२ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथचा गायक ओझी ऑस्बॉर्न गेला तेव्हापासून म्हणतोय की एकदा सगळे बसून काहीतरी मोठ्या पडद्यावर बघूया, पण एकाची फर्स्ट शिफ्ट तर दुसऱ्याची नाईट, योगच येत नव्हता, आता आलाय.

माझं मत 'दि एंड', म्हणजे बर्मिंगहॅमचा ४ फेब्रुवारी २०१७ चा सॅबथचा शेवटचा शो. डिस्क माझ्याकडं आहे. मित्र म्हणतोय म्हातारे काय बघायचे, आयर्न मेडन बँडचा 'रॉक इन रिओ' शो लाव. हे झालं भांडण.

अडचण अशी की काल ट्रायल घेतली तर गाणं ऐकू येतंय, लोकांचा आरडाओरडा मस्त ऐकू येतोय, गिटार पण येतंय लांबून आल्यासारखं, पण ओझीचा आवाज जवळजवळ गायब. बेस नाही, ड्रमचा दणका नाही. हेडफोनवर तीच डिस्क एकदम झकास. लॅपटॉपमधून मिक्सरला जोडलंय. आवाज वाढवला तर नुसता पत्रा वाजतोय.

आणखी एक. हॉल दिलाय म्हटल्यावर गल्लीतली वडील मंडळी पण येऊन बसणार, चहा आहे ना. आमचे बाबा पण. फौंड्रीत मोल्डिंगला होते, आता रिटायर. भजन सोडून दुसरं काही ऐकत नाहीत. त्यांना काय सांगून बसवू?

कॅम्पातला_मेडनवाला

भावा प्रश्नच नाही, मेडन. १७ मार्च २००७ ला बेंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर मी होतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून गेलो, रिझर्व्हेशन नव्हतं, हुबळीपर्यंत दाराशी पेपर टाकून झोपलो. घरी सांगितलेलं इंटरव्ह्यूला चाललोय. परत आलो तेव्हा आवाज बसलेला, आई म्हणते इंटरव्ह्यूत काय भांडलास काय रे. त्या वेळी एवढा मोठा मेटल बँड ऐन भरात असताना आपल्याकडं येतोय यावर विश्वासच बसत नव्हता.

रॉक इन रिओ १९ जानेवारी २००१ चा, समोर अडीच लाख माणूस. गायक डिकिन्सन आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ १९९९ ला बँडमध्ये परत आले आणि तीन गिटारवाले झाले, त्या नव्या दमाचा तो शो आहे. एक दोष कबूल करतो, एडिटिंग स्वतः बँडच्याच बेसवाल्या स्टीव्ह हॅरिसनं केलंय आणि एवढे भराभर कट मारलेत की एका सोलोत दहा वेळा कॅमेरा बदलतो, वडील मंडळींना चक्कर येईल. मग 'फ्लाइट ६६६' लाव, त्यांची डॉक्युमेंटरी. २००८ चा दौरा, सुरुवातच मुंबईतनं, १ फेब्रुवारीला. बँड, माणसं, बारा टन सामान सगळं एका बोइंग ७५७ मध्ये आणि पायलट कोण तर गायक! बाबांना विमान तरी आवडेल.

बेस_बिन

बँडचं भांडण तुम्ही घाला, मी आवाजाचं बघतो.

दादा, एक सांग, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातनं जी केबल काढलीस ती मिक्सरला कशी गेलीय? एकच जाड जॅक आहे काय टोकाला? आणि तो एकाच चॅनलमध्ये घातलायस? माझी पैज, तसंच आहे.

होतं काय, लॅपटॉपचा जॅक स्टीरिओ असतो, टोकाला डावं, मधल्या कड्याला उजवं. मिक्सरचं ते भोक बॅलन्स्ड मोनो असतं. त्याचं काम असं की टोकावर जे येतं त्यातनं कड्यावरचं वजा करायचं. माइकची केबल लांब असली की मधली खरखर दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि वजाबाकीत उडून जाते, त्यासाठी ती सोय. आता तू त्यात गाणं घातलंस. गाण्यात जे दोन्ही बाजूंना सारखं असतं, म्हणजे बरोबर मधोमध ठेवलेलं, ते मिक्सरला खरखर वाटतं आणि तो वजा करतो. मधोमध काय असतं? गायक, बेस, किक ड्रम. उरतं काय? दोन बाजूंना वेगवेगळं असलेलं, म्हणजे लोकांचा आरडाओरडा आणि हॉलचा घुमारा. तू लिहिलंयस अगदी तेच. स्पीकर खराब नाहीत, डिस्क खराब नाही.

इलाज स्वस्तातला. एका टोकाला छोटा स्टीरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक अशी वाय केबल घे, खडेबाजारला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. दोन वेगळ्या चॅनलमध्ये घाल, एकाचं पॅनचं बटण (आवाज कुठल्या बाजूला जायचा ते ठरवणारं) पूर्ण डावीकडं फिरव, दुसऱ्याचं पूर्ण उजवीकडं. डिस्कच्या मेनूत स्टीरिओ निवड, ५.१ नको, नाहीतर सेटिंग चुकलं तर मधला चॅनल परत हवेत. आणि हॉलच्या मागच्या भिंतीला गाद्या, सतरंज्या, जे सापडेल ते टांग, पत्र्याचं काही करता येत नाही पण मागनं परत येणारा आवाज तरी मरतो. बेस बिन, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, कोपऱ्यात ढकलू नको, कोपऱ्यात बेस फुगतो, गणपतीत चालतं ते, इथं सॅबथच्या बेसवाल्या गीझर बटलरची बोटं ऐकायचीत.

खानापूर_रोड

एक कडू बोलतो, राग मानू नका. दि एंड हा सॅबथचा शो नव्हेच. मूळ ड्रमर बिल वॉर्ड कुठाय? ड्रमवर टॉमी क्लुफेटोस, पोरगा जोरात वाजवतो, पण वॉर्डचा तो लडखडत चालल्यासारखा जॅझचा झोल कुठनं आणणार. चौघे परत एकत्र आले ते ५ जुलै २०२५ ला, बर्मिंगहॅमच्या ॲस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर, तो खरा शेवट. ओझी खुर्चीत बसून गायला तरी चालेल.

कॅम्पातला_मेडनवाला

@खानापूर_रोड होय की, पण तो व्हिला पार्कचा दिवस वेगळा, पार्किन्सन्स झालेला माणूस सिंहासनावर बसून निरोप घेतोय, रडू येतं. गल्लीतल्या काकांना चहा पाजून रडवायचंय काय?

शहापूरची_पेटीवाली

मी पेटी शिकवते, मेटल मला भावानं लावलं. इथं बहुतेक मी एकटीच बाई असेन, असू दे.

फिटरदादा, सॅबथच लावा, आणि वडील मंडळी भजनातली आहेत तर त्यांना सुरावरनं धरा. पहिलंच गाणं घ्या, बँडच्याच नावाचं, १३ फेब्रुवारी १९७० च्या पहिल्या रेकॉर्डमधलं. पाऊस, घंटा, आणि मग तीन सूर. खालचा सा, वरचा सा, आणि तिथनं धाडकन तीव्र मध्यम. एवढंच. हाच तीव्र म यमनमध्ये किती गोड लागतो, कारण तिथं आजूबाजूला ग आहे, प आहे, हात धरायला कोणीतरी आहे. इथं पंचम येईल येईल वाटतं आणि येतच नाही, तीव्र मवर बोट हलत राहतं नुसतं. माझ्या विद्यार्थिनीला पेटीवर हे तीन सूर वाजवून दाखवले तर म्हणाली, बाई, लाईट लावा.

आणि दुसरं, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'ला सॅबथच्या गिटारवाल्या आयोमीनं गिटार तीन अर्धे सूर खाली उतरवलं, पेटीच्या भाषेत पांढरी तीनवरनं काळी एकला आला. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' आणि 'इन्टू द व्हॉइड' दोन्ही त्यातली, दोन्ही या शोमध्ये आहेत. तार सैल पडली की दाबायला जोर कमी लागतो. त्याला ते का हवं होतं हे तुमच्या बाबांना सांगा, बाकी काही सांगू नका. शो संपेपर्यंत ते उठणार नाहीत.

ओझीचा सूर जागोजागी घसरतो हे मात्र मी लपवणार नाही. पेटीवाल्या बाईला ते टोचतंच.

उद्यमबाग_फिटर

@बेस_बिन दादा, अगदी एकच जाड जॅक. तुझ्या पाया पडतो. केबल आणतो आज.

@पेटीवाली ताई, का हवं होतं? बोटांचं अर्धवट ऐकलंय.

शहापूरची_पेटीवाली

टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. बँडबरोबर बाहेर जायचं ठरलेलं, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तर म्हणाला आता परत जात नाही, आई म्हणाली दिवस पूर्ण करून ये. त्या दिवशी प्रेसवरचं माणूस आलं नव्हतं म्हणून याला प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं प्रेसखाली, शेंडे गेले. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

नंतर फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, आगीत दोन बोटं निकामी होऊनही वाजवणारा गिटारवाला. मग यानं भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळी केली, भोक पाडलं, बोटावर बसेस्तोवर घासली, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून आधी बँजोच्या पातळ तारा लावून बघितल्या.

खानापूर_रोड

बरं बाई, हरलो. पण बिल वॉर्डचं म्हणणं मागं घेत नाही.

उद्यमबाग_फिटर

काल झालं. सांगतो.

वाय केबल घातली आणि ओझी हॉलमध्ये आला! शप्पथ, ट्रायलला ज्या स्पीकरला शिव्या दिल्या त्याच स्पीकरमधनं किक ड्रम छातीत बसायला लागला. गाद्या टांगल्या, एकीवर अजून मागच्या लग्नाचं नाव होतं ते पडद्याकडं तोंड करून, असो.

पंचवीसएक माणूस जमलं. पाऊस आणि घंटा सुरू झाली तेव्हा मागनं एक काका म्हणाले कापूर लावा रे कोणीतरी, सगळे हसले, आणि ते तीन सूर आले तसं हसायचं थांबलं. ताई, तुमचं खरं निघालं. 'वॉर पिग्स'चा भोंगा वाजला तर बाबा एकदम सावरून बसले, "कुठली शिफ्ट सुटली?" शेजारची दोघं खरोखर दारात येऊन बघून गेली.

बोटांचं मी आधीच सांगितलं होतं. बाबा काही बोलले नाहीत. 'स्नोब्लाइंड'ला आयोमीच्या हाताचा जवळनं शॉट आला तेव्हा म्हणाले थांबव. थांबवलं. उठले, पडद्याजवळ गेले, प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांचीच सावली पडली म्हणून बाजूला सरकले आणि त्याच्या बोटांवरच्या त्या दोन प्लॅस्टिकच्या टोप्यांकडं बघत राहिले. आमच्या बाबांच्या डाव्या करंगळीचं नख मोल्डिंगच्या बॉक्सखाली सापडून गेलेलं, माझ्या जन्माच्या आधी, त्यावर घरात कधी कोणी बोलत नाही. परत येऊन बसले आणि म्हणाले, "नीट घासून बसवलंय. ढिलं असतं तर तारेवर सरकलं असतं. लाव पुढं."

त्यानंतर त्यांनी ओझीकडं बघितलंच नाही. पूर्ण वेळ हात. गीझरचा हात, आयोमीचा हात. कॅमेरा गायकावर गेला की चुळबूळ, "तो काय बघायचाय, तो नुसता टाळ्या मागतोय, हात दाखव म्हणावं त्याला." मी म्हटलं बाबा कॅमेरा माझ्या हातात नाही.

मध्ये लाईट गेली, दहा मिनिटं, ती 'आयर्न मॅन'च्या आधी, ड्रम सोलोच्या ऐन मध्यावर. @खानापूर_रोड तुझ्या बिल वॉर्डचा शाप असणार. लाईट आल्यावर सोलो परत पहिल्यापासनं लागला तर बाबा म्हणाले हा पोरगा फार वेळ एकटाच वाजवायला लागलाय, तेवढ्यात मी चहाचं बघतो. म्हणजे दोघांचं एकमत आहे बघ.

शेवटी 'पॅरानॉइड'ला फुगे आणि कागद उडाले आणि आमच्यातल्या दोघांनी रडून घेतलं, नाव सांगत नाही, एक जण कॅम्पात राहतो.

कॅम्पातला_मेडनवाला

डोळ्यात कागद गेला होता.

पुढच्या महिन्यात मेडन. हॉल बोललास काय?

उद्यमबाग_फिटर

दुसऱ्या शनिवारी भिशी आहे बायकांची, चौथ्याचं विचारतो. बाबांनी आज सकाळी चहा पिताना विचारलं, त्या विमानवाल्यांमध्ये कोणाची बोटं शाबूत आहेत काय रे सगळी? काय सांगू?

बेस_बिन

सांग सगळी आहेत, म्हणून तीन गिटारवाले लागतात.

आणि ती वाय केबल मिक्सरच्याच पेटीत ठेव, गणपतीत परत कोणीतरी एकच जाड जॅक घालतंय बघ.