कुलूप लावलंय, तरी चादरी उरतायत

पूर्वभाग_जावावाला:
सोलापुरात चाटी गल्लीत मामांचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. त्यांच्यासाठी जावात बिलिंगचा प्रोग्रॅम लिहितोय. दोन काउंटर म्हणून दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी दोन कामं), साठा एकच. तपासायला 1000 चादरी टाकल्या, प्रत्येक थ्रेडला 500 विकायला लावल्या. उरायला हवं शून्य; एकदा 37 उरल्या, एकदा 112. साठा 'इंटिजर' प्रकारात आहे, म्हणजे पूर्णांक ठेवणारा ऑब्जेक्ट (मेमरीतली एक वस्तू). वजाबाकी 'सिंक्रोनाइज्ड'मध्येच आहे (म्हणजे कुलूप: एका वेळी एकच थ्रेड आत), कुलूप कशाला लावायचं त्या कंसात साठा दिलाय. मग चुकतंय कुठं? मामा म्हणतात, वहीच बरी.

रात्रपाळी:
अण्णा, कुलूप गोदामाच्या दाराला लावायचं सोडून तुम्ही गठ्ठ्याला लावलंय, आणि गठ्ठाच विकताय.

जावात कुलूप ओळींना नसतं, ऑब्जेक्टला असतं. 'इंटिजर'चा ऑब्जेक्ट बदलत नाही. एक वजा केला की साठा 999च्या दुसऱ्याच ऑब्जेक्टकडे वळतो. आता बघा: पहिला काउंटर 1000चं कुलूप सोडून बाहेर आला. त्याच कुलपासाठी ताटकळलेला दुसरा आत शिरला. तेवढ्यात पहिला परत आला, त्याला 999चं कुलूप मोकळं मिळालं, तोही आत! वाचणं, वजा करणं, परत लिहिणं अशी तीन कामं असतात; दोघांनी 999 वाचलं, दोघांनी 998 लिहिलं. चादरी दोन गेल्या, नोंद एकीची.

साठा 127वर किंवा त्याखाली आला की आणखी गंमत. उणे 128 ते 127 हे ऑब्जेक्ट जावा आधीच करून ठेवते आणि सगळ्यांना तेच देते. म्हणजे 40 चादरी आणि 40 टॉवेल यांचं कुलूप एकच! जावा 16 पासून कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) यावर इशारा देतो. पिवळ्या ओळी वाचत जा की.

उपाय साधा. कुलपासाठी वेगळा ऑब्जेक्ट करा, प्रायव्हेट (बाहेरच्या कोडला न दिसणारा) आणि फायनल (जागी दुसरा ठेवता न येणारा). साठा साध्या 'इंट'मध्ये (नुसता आकडा, ऑब्जेक्ट नाही) ठेवा.

जुना_पुलगेकर:
साठा दाखवणारी मेथडसुद्धा (ते काम करणारा कोडचा तुकडा) त्याच कुलपात घ्या. नाहीतर दुसऱ्या थ्रेडला शिळा आकडा दिसू शकतो. नुसतंच मोजायचं असतं तर 'अॅटॉमिक इंटिजर' (वाचणं-बदलणं-लिहिणं एका दमात करणारा आकडा) पुरलं असतं, पण तुम्हाला 'शिल्लक आहे का' बघून मग विकायचंय.

पूर्वभाग_जावावाला:
वीस वेळा चालवलं, वीसही वेळा शून्य! आता चादर-टॉवेलचा सेट विकायचाय. दोन कुलपं लागतील ना?

रात्रपाळी:
लागतील. आधी चादर, मग टॉवेल, दोन्ही काउंटरवर हाच क्रम ठेवा. नाहीतर एक चादर धरून बसेल, दुसरा टॉवेल, आणि गिऱ्हाईक दोघांकडं बघत उभं.