प्रकृतीचा तक्ता गोव्याच्या ताटाला लागू पडतो का?

डिचोलीकर:
सध्या घराघरांत प्रकृती-चाचणी फिरते आहे. कातडी कोरडी की तेलकट, झोप गाढ की सावध, अशी उत्तरे भरली की तुम्ही वात, पित्त किंवा कफ ठरता आणि पचन सुधारायचा एक तक्ता हातात पडतो. पित्तवाल्यांना आंबट-खारट बंद, कफवाल्यांना भात आणि नारळ बंद, वातवाल्यांना कडधान्ये बंद. आपल्याकडे हे पाळायचे तर उकड्या तांदळाची पेज गेली, माशांचे हुमण गेले, सोलकढी गेली, कडधान्यांचे तोणाकही गेले. मग जेवायचे काय?

माझे मत स्पष्ट आहे: हा तक्ता म्हणजे आयुर्वेद नव्हे. चरकसंहितेत आहार ठरवताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: पदार्थाचा स्वभाव, त्यावरचा संस्कार, संयोग, मात्रा, देश, काळ, जेवायचे नियम आणि जेवणारा माणूस. तक्त्यात यातली पहिली आणि शेवटची तेवढी उरते, मधले सगळे गळून जाते. पावसाळ्याचेच पाहा. त्या ऋतूत अग्नी (पचनशक्ती) मंदावतो, वात वाढतो, म्हणून वाऱ्यापावसाच्या गार दिवशी आंबट, खारट, स्निग्ध जेवावे असे ऋतुचर्येत आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आमच्या घरांत गरम पेजेबरोबर मिठाच्या पाण्यातले तोर (कैऱ्या), आमसुलाची कढी असते. हे शास्त्राला धरूनच आहे, आणि तक्ता मात्र ते सरसकट बंद करतो.

तिसवाडीकर (एमबीबीएस):
तक्ता टाकून द्या, माझी हरकत नाही. पण त्याच्या जागी जुन्या ग्रंथातली यादी आणून काय साधले? 'माझी पित्तप्रकृती' म्हणत वर्षानुवर्षे आमसुले चघळणाऱ्याच्या जठरात एच. पायलोरी असू शकतो. हा जिवाणू मार्शल आणि वॉरन यांनी 1982 मध्ये दाखवला, त्यासाठी त्यांना 2005 चे नोबेल मिळाले. तो आमसुलाने जात नाही, त्याला अँटिबायोटिक्सचा कोर्स लागतो. दूध प्यायल्यावर ज्याचे पोट फुगते त्याला वाताचा माणूस ठरवतात. बहुधा त्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज कमी पडत असते. कारण शोधायचे सोडून स्वभावाला नाव दिले की माणूस निश्चिंत होतो, आणि तिथेच धोका आहे. वजन उतरणे, गिळताना अडकणे, शौचातून रक्त, काळी शी: यापैकी काही असेल तर प्रकृती विचारत बसू नका, तपासणी करून घ्या.

शिरोड्याची विद्यार्थिनी (बीएएमएस, शेवटचे वर्ष):
दोघांनीही अग्नीचा नीट विचार केला नाही म्हणून लिहिते. प्रकृती गर्भधारणेच्या वेळी ठरते, ती बदलायची नसते. वैद्य पाहतो तो आजचा अग्नी. विषम असेल तर एक दिवस कडकडून भूक, दुसऱ्या दिवशी पोट फुगलेले. त्याला ठरलेल्या वेळी गरम, तूप घातलेले जेवण हवे. तीक्ष्ण असेल तर जेवण लांबले की जळजळ. अशाने उपास करू नये. मंद असेल तर थोडे खाल्ले तरी जड. आधीचे जिरल्याशिवाय पुढचे घेऊ नये, सुंठीचे पाणी घ्यावे. एकाच माणसाचा अग्नी मे महिन्यात आणि श्रावणात वेगळा असतो.

डिचोलीकरांना एक सांगते. आमसूल थंड म्हणून सगळ्यांना चालते असे आपण समजतो, पण चरकात वृक्षाम्ल, म्हणजे आमसूलच, उष्ण आणि ग्राही (शौच बांधणारे) सांगितले आहे, वात-कफात हितकर. म्हणजे तीक्ष्णाग्नीच्या माणसाने नुसते आमसुलाचे पाणी रोज पिऊ नये. सोलकढीत नारळाचा रस पडतो, तिथे संयोग बदलतो.

आणि डॉक्टर, प्रकृती म्हणजे नुसती समजूत नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये टोकाच्या प्रकृतींमध्ये जनुकांच्या अभिव्यक्तीतले फरक प्रसिद्ध केले आहेत.

तिसवाडीकर:
तो अभ्यास मला माहीत आहे. जनुकांत फरक आहे एवढ्याने पित्ताचा आहार दिला की आम्लपित्त बरे होते हे सिद्ध होत नाही. त्यासाठी तोच आहार देऊन-न देऊन रुग्णांची तुलना करावी लागते. एकाच रुग्णाला दोन वैद्यांनी स्वतंत्र तपासले तर दोघांचे निदान एकच येते का, हा प्रश्न तर त्याही आधीचा.

सासष्टीकर:
मला तक्त्याने गुण आला, हे इथे कोणी मोजतच नाही. पित्ताचा तक्ता पाळू लागलो, रात्री दहाचे जेवण साडेसातला आणले, चहाबरोबरचा पाव सोडला. छातीतली जळजळ थांबली.

तिसवाडीकर:
जेवल्यावर लगेच आडवे झाले की जठरातले आम्ल वर येते. झोपेच्या दोन-तीन तास आधी जेवलात, याचे श्रेय तक्त्याला कशाला? हे कफवाल्यालाही तितकेच लागू आहे.

काणकोणची सून:
तुम्ही सगळे एकेका माणसाचे बोलता. माझ्या घरी एक चूल, पाच माणसे. सासूबाईंना सुके नुस्ते (मासे) बाधते, दीर तिखटाशिवाय जेवत नाहीत, मुलाला शी घट्ट होते. मी हुमण एकदाच करते, मिरची बेताची घालते. सासूबाईंना मुगाचे कढण आणि मऊ भात, दिरांना वरून लोणचे, मुलाला भाजी जास्त आणि पाणी आठवणीने. उन्हाळ्यात हुमणात तेफळे (तिरफळे) कमी. याला प्रकृती म्हणा, अग्नी म्हणा, काहीही म्हणा. तीन तक्त्यांचे तीन स्वयंपाक कोणती बाई करील? आणि केले नाहीत तर दोष तिलाच द्याल. एक विचारते: सासूबाई पोट साफ व्हायला वाताचे चूर्ण रोज घेतात, चालेल का?

शिरोड्याची विद्यार्थिनी:
डब्यावर सोनामुखी किंवा सनाय लिहिलेले असेल तर स्वतःच्या मनाने रोज नको, आतड्याला त्याची सवय लागू शकते. डबा घेऊन वैद्याकडे जा, बाकी कोणती औषधे चालू आहेत तेही सांगा. तुमची मुगाच्या कढणाची वाटी मात्र तशीच चालू ठेवा.

तिसवाडीकर:
इथे मी हिच्याशी सहमत आहे. सासूबाईंचा त्रास अलीकडेच सुरू झाला असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, चूर्णाचा प्रश्न त्यानंतर.