बाबांचं ऑपरेशन (घरचा ग्रुप)

मी: लिव्हरमधली गाठ काढायच्या आधी बाबांचा फायब्रोस्कॅन झाला (लिव्हर किती कडक आहे ते बघायची तपासणी). 13.6 केपीए, म्हणजे कडकपणाचं माप. परवा सर्जन बघणार.

मोठे काका: मशीन 75 पर्यंत मोजतं म्हणे. मग 13 म्हणजे किरकोळच की!

ताई: काका, तसं नाही ते. निरोगी लिव्हर 5 च्या आसपास असतं. 10 ते 15 म्हणजे शंका घ्यायला जागा आहे.

आत्या: अगंबाई! अण्णाला सिरोसिस? दारूला कधी शिवला नाही तो 😟

ताई: आत्या, सिरोसिस, म्हणजे लिव्हरभर व्रण, म्हटलंय का कुणी? आणि दारूशिवायही लिव्हर खराब होतं. चरबी, डायबेटिस, हिपॅटायटिस बी, सी.

आत्या: पण गाठ काढायचीच आहे, तर कडकपणा कशाला मोजायचा?

ताई: गाठीचा नाही गं, मागे राहणाऱ्या लिव्हरचा. गाठीबरोबर आजूबाजूचा भागही कापावा लागतो. लिव्हर निरोगी असेल तर 25-30 टक्के उरलं तरी ते काम सांभाळतं आणि पुन्हा वाढतं. सिरोसिस असेल तर निदान 40 टक्के तरी ठेवावं लागतं, आणि ते वाढतंही रडतखडत. शिवाय व्रण होऊन लिव्हर घट्ट झालं की आतड्याकडून येणारं रक्त तुंबतं, पोटात पाणी होतं. म्हणून किती कापायचं हे आधी ठरवतात. मशीन बरगड्यांच्या फटीतून हलकी टिचकी मारतं, तिची लहर आत किती वेगाने जाते ते सोनोग्राफीने मोजतं. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर जोरात पळते. सुई नाही, दुखणं नाही.

ताई: रिपोर्टचा पूर्ण फोटो टाक. नुसत्या आकड्यावर मी काही बोलणार नाही.

मी: 📷

ताई: आयक्यूआर, म्हणजे मापांमधला फरक, 34 टक्के. दहा वेळा मोजून मधला आकडा घेतात, त्या दहांमध्ये इतका फरक नको. 30 च्या आत हवा. अण्णाकाका उपाशी गेले होते ना?

बाबा: नाश्ता करून गेलो. मला कुणी विचारलंच नाही.

आई: मी विचारलं होतं. "काही होत नाही" कोण म्हणालं?

ताई: 🤦‍♀️ खाल्ल्यावर लिव्हरकडे रक्त जास्त येतं, आकडा फुगतो. निदान तीन तास पोट रिकामं हवं. रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी, बिलिरुबिन किती? लिव्हरला सूज असली किंवा पित्त अडलं असलं तरी आकडा वर जातो.

मी: दोन्ही नॉर्मल.

ताई: छान. मग परत करा, परवाच्या आधी. ऑपरेशनची तारीख मात्र हलवू नका.

मोठे काका: त्यापेक्षा एमआरआयवाला करू. तो भारी असतो.

ताई: असतो, पण त्याचं माप वेगळं. फायब्रोस्कॅनचा 5 म्हणजे ठणठणीत, एमआर इलॅस्टोग्राफीचा, म्हणजे त्या एमआरआयवाल्याचा, 5 म्हणजे चांगलंच कडक. दोन कागद शेजारी ठेवून घाबरायचं काम नाही. आणि सर्जन एका आकड्यावर ठरवत नाहीत, प्लेटलेट्स बघतील, सीटीवर उरणाऱ्या भागाचं मोजमाप करतील. गरज वाटली तर शिरेतून नळी घालून लिव्हरमधल्या रक्ताचा दाबही मोजतात.

आत्या: आता जरा धीर आला.

मी: उद्या सकाळी 8 ची वेळ मिळाली.

बाबा: बीपीची गोळी?

ताई: घ्या, घोटभर पाण्याबरोबर.

बाबा: आणि चहा? बिनसाखरेचा?

आई: किल्ली माझ्याकडे आहे.